वाचकांचे प्रश्न : इंग्लंडमधील खेडे आणि प्लॅनिंगची परवानगी

प्रश्न : आम्ही हेरफर्डशायरच्या उत्तर भागातील एका लहान खेड्यात राहतो. बागेच्या कुंपणापलीकडचे अर्ध्या एकराचे कुरणही आमच्याच मालकीचे आहे. आईवडिलांसाठी तिथे छोटेसे घर बांधावे असा विचार आहे, पण शेजारी म्हणतात की परवानगी मिळणे अशक्य आहे. जमीन आमची असताना अडचण कशाची?

उत्तर : अशक्य म्हणणार नाही, अवघड मात्र निश्चित आहे. 1947 च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्याने जमिनीची मालकी आणि त्या जमिनीवर बांधकाम करण्याचा हक्क यांची फारकत केली, आणि आज लागू असलेला 1990 चा कायदाही त्याच पायावर उभा आहे. त्यामुळे जमीन कोणाची, हा प्रश्न परवानगी देणाऱ्या स्थानिक कौन्सिलच्या लेखी जवळजवळ गैरलागू ठरतो. इतका, की दुसऱ्याच्या जमिनीसाठीही कोणालाही अर्ज करता येतो, फक्त मूळ मालकाला रीतसर नोटीस द्यावी लागते. घर कोणासाठी हवे आहे, यालाही फारसे वजन नसते. परवानगी माणसाला नव्हे तर जमिनीला मिळते, आणि उद्या घर विकले तर ती नव्या मालकाकडे जाते, त्यामुळे आईवडिलांच्या वयाचा मुद्दा अर्जात लिहायला हरकत नाही, परंतु त्यावर भिस्त ठेवू नये.

सर्वप्रथम लोकल प्लॅनमधील (कौन्सिलच्या विकास आराखड्यातील) किंवा गावाच्या नेबरहूड प्लॅनमधील (गावाने स्वतः केलेल्या आराखड्यातील) नकाशा उघडून वस्तीची सीमा कुठून जाते ते पाहावे. ही रेघ कित्येकदा घरांच्या मागच्या भिंतींना जवळजवळ चिकटून जाते आणि कुरणच काय, लांबलचक बागाही बाहेर सोडते. रेघेच्या आत नव्या घराला तत्त्वतः वाव असतो; बाहेरची जमीन 'खुला ग्रामीण प्रदेश' मानली जाते आणि तिथे नवे घर हा अपवाद ठरतो. राष्ट्रीय प्लॅनिंग धोरण ग्रामीण भागात एकाकी घरे टाळायला सांगते, पण त्याला काही अपवाद दिले आहेत : शेतावर कायम राहणे ज्याला भागच आहे अशा कामगाराचे घर, पडीक इमारतीचा पुनर्वापर, किंवा असाधारण दर्जाची वास्तुरचना. यांपैकी शेवटच्या अपवादावर अनेकांचा डोळा असतो, पण चांगले घर आणि असाधारण घर यांत फार मोठे अंतर आहे आणि ते कापण्याचा खर्चही तसाच आहे. 'एकाकी' याचा अर्थ वस्तीपासून प्रत्यक्ष अलग किंवा दूर असलेले घर, असे अपील न्यायालयाने 2018 मध्ये ब्रेनट्री प्रकरणात स्पष्ट केले. आपले कुरण घरांना लागूनच असल्याने ते बहुधा एकाकी ठरणार नाही, पण तेवढ्याने सीमेचा प्रश्न सुटत नाही.

दोन अडचणी नकाशावर दिसत नाहीत. पहिली फाटकाची. नव्या घरातून मोटार बाहेर काढताना दोन्ही बाजूंचा रस्ता दिसला पाहिजे. ताशी 30 मैलांच्या रस्त्यावर सर्वसाधारण अपेक्षा अशी, की रस्त्याच्या कडेपासून 2.4 मीटर आत थांबलेल्या चालकाला दोन्हीकडे 43 मीटरपर्यंत दिसावे. आपले फाटक 30 च्या पाटीपलीकडे, उंच कुंपणझाडीच्या अरुंद रस्त्यावर असेल, तर हे अंतर कितीतरी वाढते, आणि दृष्टीआड येणारी झाडी शेजाऱ्याची असेल तर त्याच्या संमतीवाचून ती हटवता येत नाही. दुसरी अडचण नदीची. आपल्या भागातील लग नदीच्या पाण्यातील फॉस्फेटमुळे तिच्या पाणलोट क्षेत्रात 2019 पासून नव्या घरांच्या परवानग्या अडल्या. आता कौन्सिलने पाणथळ जागा तयार करून फॉस्फेटची क्रेडिट, म्हणजे नव्या घराने वाढणारे फॉस्फेट भरून काढल्याची हमी, विकण्याची सोय केली आहे. म्हणजे वाट आहे, पण ती खर्चाची आहे.

माझ्या मते नव्या घराऐवजी सध्याच्या घराच्या आवारात, मुख्य घरावर अवलंबून असलेल्या जोडघराचा अर्ज करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. तत्पूर्वी शुल्क भरून कौन्सिलचा पूर्वसल्ला अवश्य घ्यावा. तो कौन्सिलवर बंधनकारक नसतो, पण नकाराची कारणे आधीच लेखी हाती येतात. आणि एक विनंती : कुरणात गवत कापून, झोपाळा लावून त्याची हळूहळू बाग करू नका. शेतजमिनीची बाग करणे हाच वापरातील बदल आहे आणि त्यालाही परवानगी लागते.

प्रश्न : ग्लॉस्टरशायरमधील आमच्या खेड्यात शेजाऱ्याने दुमजली वाढीव बांधकामाचा अर्ज केला आहे. पॅरिश कौन्सिलने (गावपातळीवरील कौन्सिलने) एकमताने विरोध केला. आता अर्ज फेटाळला जाईल ना?

उत्तर : तसे गृहीत धरू नका. पॅरिश कौन्सिलला मत कळवण्याचा अधिकार आहे, निर्णयाचा नाही. निर्णय डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा, आणि बहुतेक घरगुती अर्जांत तो समितीपुढे न जाता अधिकारीच देतो. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाने प्लॅनिंगची कारणे देऊन मुदतीत मागणी केली तर प्रकरण समितीकडे जाऊ शकते, म्हणून त्यांना आजच पत्र लिहा.

हरकतीसाठी साधारणतः 21 दिवस मिळतात. त्यात घराची किंमत घटेल, टेकडीचा देखावा जाईल, शेजारी आगाऊ आहे, असे काही लिहू नये. त्याला किंमत नाही, आणि पत्र सार्वजनिक होते ते वेगळेच. आपल्या कोणत्या खोलीचा प्रकाश किती अडतो, नवी खिडकी कोणत्या अंगणात डोकावते, दगडी भिंती आणि छपराच्या उताराशी नवे बांधकाम कुठे विसंगत ठरते, हे आराखड्याचा क्रमांक देऊन लिहावे. एवढे करूनही परवानगी मिळाली तर हरकत घेणाऱ्या आपल्याला अपील करता येत नाही; अपील फक्त अर्जदाराला. उरतो तो न्यायालयीन पुनर्विलोकनाचा मार्ग, सहा आठवड्यांच्या आत, आणि तोही निर्णयप्रक्रियेतील कायदेशीर दोषापुरता.

प्रश्न : कॉन्झर्व्हेशन एरियातील (जुने स्वरूप जपण्यासाठी कौन्सिलने ठरवलेल्या भागातील) स्वतःच्या बागेतले झाड तोडायलाही परवानगी लागते का?

उत्तर : जमिनीपासून 1.5 मीटर उंचीवर खोडाचा व्यास 75 मिलिमीटरहून अधिक असेल, तर कौन्सिलला सहा आठवडे आधी सूचना द्यावी लागते. त्या अवधीत कौन्सिलने झाडासाठी संरक्षण आदेश काढला नाही, तर आपण मोकळे. झाडाला आधीपासूनच असा आदेश असेल तर मात्र रीतसर अर्ज हवा.

प्रश्न : आमच्या गावाशेजारच्या शेतात एका विकासकाला 60 घरे बांधायची आहेत. ते शेत वस्तीच्या सीमेबाहेर आहे. आम्ही 400 सह्या जमवल्या आहेत. पुरेशा होतील का?

उत्तर : सह्यांनी विरोध किती आहे ते कळते, विरोध का आहे ते कळत नाही. आपल्या प्रकरणात खरा आकडा वेगळाच आहे : डिस्ट्रिक्ट कौन्सिलला पुढील पाच वर्षे पुरेल इतकी घरबांधणीची जमीन दाखवता येते की नाही. ती दाखवता आली नाही तर लोकल प्लॅनमधील सीमा ढिली पडते आणि पारडे परवानगीच्या बाजूने झुकते. विकासाचे तोटे फायद्यांपेक्षा ठळकपणे जास्त आहेत, हे तेव्हा दाखवून द्यावे लागते. डिसेंबर 2024 मध्ये राष्ट्रीय धोरण बदलून घरांची उद्दिष्टे पुन्हा सक्तीची झाल्यापासून अनेक ग्रामीण कौन्सिलांची इथेच पंचाईत झाली आहे. गावाचा नेबरहूड प्लॅन पाच वर्षांहून जुना नसेल आणि त्यात घरांसाठी जागा नेमून दिलेल्या असतील, तर मात्र आपल्या हाती भक्कम मुद्दा आहे.

माझा सल्ला असा, की विरोधासोबत अटींचाही विचार करावा. शाळा, रस्ता, परवडणारी घरे यांबाबतचा विकासकाशी होणारा करार परवानगीपूर्वीच ठरतो, आणि त्यात गावाला काय हवे ते पॅरिश कौन्सिलने वेळीच लेखी कळवले नाही, तर मसुदा गावाला वगळूनच तयार होतो. जैवविविधतेत किमान 10 टक्के वाढ करून ती 30 वर्षे टिकवण्याचे बंधन 2024 पासून आहेच. ती वाढ गावालगत होणार की दूरच्या जिल्ह्यात विकत घेतली जाणार, हे आत्ताच विचारून घ्या.