मियामी व्हाइस या अमेरिकी टीव्ही मालिकेचं संगीत देणारा यान हॅमर मुळात जॅझवाला होता का?

हो, आणि तोही पक्का. जन्म प्रागचा, १९४८ चा. आई जॅझ गायिका, त्यामुळे बाळकडू घरातच. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे शहरात घुसले आणि त्यानंतर हा अमेरिकेत गेला. जॅझ गायिका सारा वॉनला साथ केली, मग १९७१ मध्ये गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडमध्ये आला.

खरी गंमत तिथे आहे. मिनीमूग या छोट्या सिंथेसायझरवर उजव्या हाताने सूर वाजवायचे आणि डाव्या हाताने शेजारचं चाक फिरवून तेच सूर गिटारच्या तारेसारखे खेचायचे. डोळे मिटून ऐकलंत तर गिटार कुठली नि कीबोर्ड कुठला, कळत नाही. पुढे रॉक गिटारवादक जेफ बेकसोबतही हीच जुगलबंदी रंगली.

१९८४ मध्ये मियामी व्हाइस आलं. दर भागाला नवं संगीत, तेही न्यू यॉर्क राज्यातल्या घरच्या स्टुडिओत, बहुतेक सगळी वाद्यं स्वतःच वाजवून! शीर्षकसंगीत १९८५ मध्ये बिलबोर्ड या अमेरिकी लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, दोन ग्रॅमीही मिळाले. माझ्या मते मात्र त्याचं अस्सल काम महाविष्णूच्या पहिल्या दोन अल्बममध्येच आहे. सुरुवात तिथूनच करा.