कच्च्या आहारावर असताना रात्री अकराला भात का आठवतो?

"सहा आठवडे झाले, मी फक्त कच्चं खातेय. वजन उतरलं, चेहरा उजळला असं सगळे म्हणतात. पण संध्याकाळ झाली की खा-खा सुटते आणि रात्री मी चोरून भात खाते. माझा मनावर ताबाच नाही का?"

प्रश्न विचारणाऱ्या बाई पाचपाखाडीत राहतात आणि ऐरोलीच्या एका कंपनीत हिशेबाचं काम करतात. वय ३८. ओळख पटू नये एवढे तपशील इथे बदलले आहेत. मैत्रिणींच्या ग्रुपमध्ये २१ दिवसांचा कच्चा आहार सुरू झाला. बाकीच्या थांबल्या, या थांबल्या नाहीत. शिजवलेलं, भाजलेलं, तळलेलं बंद. चहा बंद. मीठही जवळजवळ बंद.

कच्चा आहार सुरू केलेल्या बहुतेकांचा प्रश्न हाच असतो आणि तो जवळपास ह्याच शब्दांत येतो: माझ्यात जिद्द कमी पडतेय का? या प्रश्नाला लगेच उत्तर देऊ नये. आधी ताट बघावं.

त्यांना तीन दिवस एक साधी नोंद ठेवायला सांगितली. किती वाजता, काय, अंदाजे किती, भूक ० ते १० मध्ये किती, आणि त्या वेळी कुठे होतात. पोटभर खाल्लं तर 'वाटीभर' लिहायचं नाही, वाटी मोजून लिहायची. रात्रीचा भातही लिहायचा. नोंद अशी आली: सकाळी पपई सुमारे ३०० ग्रॅम आणि पालक-काकडीचा रस. दुपारी काकडी-टोमॅटो-गाजर मिळून ४०० ग्रॅम, मोड आलेले मूग एक वाटी. चार वाजता एक सफरचंद. रात्री कोबीची पचडी, वर दोन चमचे खोबरं, आणि भिजवलेले आठ बदाम. केळं 'वजन वाढतं' म्हणून वर्ज्य. शेंगदाणे 'पित्त होतं' म्हणून वर्ज्य.

बेरीज केली तर दिवसाला साधारण ६५० कॅलरी. त्यांच्या वजनाला आणि कामाला १,७०० तरी लागतात. प्रथिनं २० ग्रॅमच्याही आत, गरज ५० च्या आसपास. काकडीच्या १०० ग्रॅममध्ये जेमतेम १५ कॅलरी असतात, टोमॅटोत १८, पपईत चाळीसच्या पुढे थोड्या. ताट दिसायला डोंगराएवढं, पोट पाण्याने आणि चोथ्याने तट्ट फुगलेलं, पण अंगाला लागणारं त्यात काहीच नाही. कच्च्या आहारातली पहिली चूक हीच आणि ती मेहनतीने, मनापासून केली जाते. सगळं वजनाने खूप असतं म्हणून 'मी भरपूर खाते' असं खरंच वाटतं.

मग रात्रीच्या भाताचा अर्थ बदलतो. त्यांनी सांगितलेलं दृश्य असं: साडेदहा-अकराला घर झोपलेलं, दिवा न लावता फ्रिजच्या उजेडात कुकरचं भांडं बाहेर काढायचं, गार भातावर तुपाचा चमचा, मिठाची चिमूट, आणि ओट्याशी उभ्या उभ्याच पाच-सहा घास. मग भांडं धुऊन जागेवर. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून सकाळची पपईही नाही. म्हणजे पुढची रात्र आणखी भुकेली. ताबा सुटतोय असं त्यांना वाटत होतं. खरं तर शरीर दिवसभर थकलेलं कर्ज रात्री वसूल करत होतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी लाजत सांगितली. रात्री मोबाइलवर त्या पुरणपोळीचे, पाव-भाजीचे व्हिडिओ तासभर बघतात. यात लाजण्यासारखं काही नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं, दिवसाला सुमारे १,५७० कॅलरींवर. धडधाकट, स्वतःहून आलेले तरुण ते. काही आठवड्यांत त्यांचं बोलणं, स्वप्नं सगळं जेवणाचं झालं. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. आपल्या या बाई त्यांच्याही निम्म्यापेक्षा कमीवर होत्या.

पहिल्या आठवड्यात एकही पदार्थ बंद केला नाही, फक्त वाढवले. त्यांचा हट्ट कच्च्याचाच होता, तो तूर्त मान्य केला. सकाळी उठल्यापासून तासाभरात दोन केळी, ३० ग्रॅम शेंगदाणे (कोरडे मोजायचे, मग रात्रभर भिजवायचे), दोन चमचे ओलं खोबरं, दोन खजूर. एवढ्यात साडेचारशेच्या आसपास कॅलरी होतात, म्हणजे त्यांच्या आधीच्या पूर्ण दिवसाच्या दोन तृतीयांश. दुपारच्या कोशिंबिरीत दोन चमचे तीळ कुटून. मीठ परत आणलं, मोजून: दिवसभरात पाऊण चमच्याच्या आत. ठाण्याच्या दमट हवेत घाम गाळत लोकलने जा-ये करणाऱ्या माणसाने मीठ एकदम तोडलं की जीभ फरसाण आणि लोणच्याकडेच धावते.

मोड आलेल्या कडधान्याबाबत मात्र तडजोड केली नाही. ते पाच-सहा मिनिटं चांगलं वाफवूनच खायचं. उबदार ओलाव्यात मोड येतात आणि त्याच ओलाव्यात जंतूही वाढतात. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून ई. कोलाय या जंतूची साथ पसरली आणि ५० हून अधिक माणसं दगावली. राजमा तर मोड आणूनही कच्चा कधीच नाही. त्यातलं विषारी द्रव्य खळखळून उकळल्याशिवाय जात नाही आणि चार-पाच दाण्यांनीही उलट्या सुरू होऊ शकतात. दुधीचा रस कडू लागला तर घोट गिळायचा नाही, सगळा ओतून द्यायचा. पालकाचा कच्चा रसही रोज नको. त्यात ऑक्झलेट, म्हणजे मूतखडा व्हायला हातभार लावणारं द्रव्य, भरपूर असतं आणि ज्यांना मूतखडा होऊन गेलाय त्यांनी तर तो घेऊच नये.

दुसऱ्या आठवड्यात अडचण आली: पोटात गुबारा, छातीत जळजळ. त्या म्हणाल्या, "बघा, शेंगदाण्याने पित्त होतंच." तपासलं तर दाणे सकाळी उठून तासभरच भिजत होते आणि रात्री कोबीची मोठी वाडगाभर पचडी तशीच चालू होती. दाणे आठ तास भिजवायचे, पाणी फेकायचं, सावकाश चावायचे. कोबी निम्मा केला, त्या जागी किसलेलं बीट आणि गाजर. चार दिवसांत पोट शांत झालं. चोथा एकदम वाढवला की आतडं कुरकुरतंच, त्याचा दोष दरवेळी दाण्यावर जातो.

आता संध्याकाळ. ऐरोलीहून निघून ठाणे स्टेशनवर उतरायचं, बाहेर पडलं की कढईतला वडा, लसणीची चटणी, तळलेल्या मिरच्यांचा ठसका. त्या रोज इथेच हरत होत्या आणि रोज इथेच स्वतःला दोष देत होत्या. नोंदीत पाहिलं तर स्टेशनवरची भूक दहापैकी नऊ. नऊ भूक घेऊन त्या वासातून जाणं ही परीक्षा कोणीही स्वतःची घेऊ नये. उपाय ऑफिसात केला. सव्वापाचला, निघण्याआधी, बसून खाणं: एक पेरू तिखट-मीठ लावून, मूठभर भिजवलेले दाणे किंवा ओल्या खोबऱ्याचे चार-पाच तुकडे. डबा बॅगेत नाही, टेबलावर ठेवायचा. बॅगेतला डबा मीटिंगमध्ये विसरला जातो आणि मग स्टेशन येतं. दहा दिवसांत स्टेशनवरची भूक चारवर आली. वडापाव अजून हवासा वाटत होताच, पण आता ती भूक नव्हती, तलफ होती.

तलफेशी वागायची रीत वेगळी. अॅलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने व्यसनमुक्तीच्या कामात सांगितलेली एक पद्धत खाण्यालाही लागू पडते. तलफ ही लाट समजायची: चढते, माथ्यावर येते, ओसरते. तिच्याशी कुस्ती करायची नाही. बाजूला उभं राहून मनात म्हणायचं, 'मला वडा हवासा वाटतोय, दहापैकी सात.' अंगात ती कुठे जाणवते ते बघायचं, तोंडाला पाणी सुटतंय, जबडा आवळलाय, की छातीत हुरहूर आहे. श्वास सावकाश सोडायचा. पाच मिनिटांनी पुन्हा आकडा द्यायचा. बहुतेक वेळा १५-२० मिनिटांत तो खाली येतो. पण हे पोट भरलेलं असेल तरच. रिकाम्या पोटी लाटा बघत बसणं म्हणजे भुकेल्या मुलाला गोष्ट सांगत बसणं. लोक खऱ्या भुकेवर पाणी पितात, लवंग चघळतात, फेरफटका मारतात, आणि रात्री कुकर उघडतात.

ओळखायचं कसं? केळं समोर ठेवलं तर खाववेल का? खाववत असेल तर भूक. 'केळं नको, वडाच' असेल तर तलफ. ही कसोटी सोपी आहे आणि बऱ्यापैकी बरोबर येते.

त्यांच्या तलफेत आणखी एक धागा होता, गरमपणाचा. सगळं जेवण फ्रिजमधून निघालेलं, गार. पावसाळ्यात भिजून घरी आल्यावर गार पचडी समोर आली की कोणाचंही मन वरणाकडेच जाईल. म्हणून भाज्या अर्धा तास आधी बाहेर काढायच्या, आणि एक कोमट सार: तीन पिकलेले टोमॅटो, दोन मोठे चमचे ओलं खोबरं, लसणीची एक पाकळी, पाच मिरी, पाव चमचा जिरं, पाव चमचा मीठ हे मिक्सरमधून काढून वर अर्धी वाटी कडकडीत पाणी ओतायचं. बोट बुडवता येईल इतपत ऊन राहतं. खोबरं गाळू नका, पोटाला आधार तेच देतं. सोलकढी तर आपल्याकडे पूर्वापार न शिजवताच होते. आंबट, खारट, लसणीची. जिभेला जे हवं असतं ते तिच्यात आहे. चैत्रातली आंबेडाळही तशीच, पण भिजवलेली हरभरा डाळ कच्ची असते तेव्हा तीन-चार चमचे बास, वाडगाभर खाल्ली की गुबारा परत.

तिसऱ्या आठवड्यात, बोलता बोलता, त्या म्हणाल्या की तांदूळ निवडताना चार दाणे तोंडात टाकायची सवय हल्ली फार वाढलीय. डब्याशी गेलं की मूठ भरतेच. इथे समुपदेशन थांबवून रक्त तपासायला पाठवायचं असतं. कच्चे तांदूळ, खडू, माती, बर्फ खावासा वाटणं हे बऱ्याचदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं. हिमोग्लोबिन १०.४ आलं, बाईमाणसाचं १२ तरी हवं. बी-१२ ही कमी. ते वनस्पतींतून भरवशाने मिळतच नाही आणि यांनी दूध-दहीही सोडलेलं. डॉक्टरांनी दोन्हींच्या गोळ्या सुरू केल्या. लोहाच्या गोळीसोबत लिंबू किंवा आवळा, आणि चहा परत सुरू केलाच तर गोळीपासून तास-दोन तास लांब. महिन्याभरात तांदळाची मूठ सुटली.

त्याच रिपोर्टच्या निमित्ताने मासिक पाळीचं विचारलं. या वेळी बारा दिवस लांबली होती. पूर्ण कच्च्या आहारावर राहणाऱ्यांची जर्मनीत पाहणी झाली, १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ४५ वर्षांखालच्या बायकांपैकी सुमारे ३० टक्के जणींची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. हे ऐकल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "मग रात्री वरणभात चालेल?"

आमचं मत स्पष्ट आहे: चालेलच, आणि तो हवाच. दिवसातलं एक जेवण शिजवलेलं असलं म्हणून फळं-कोशिंबिरींचा फायदा वाया जात नाही. गाजरातलं कॅरोटीन, टोमॅटोतलं लायकोपीन शिजवल्यावर आणि तेला-तुपासोबत उलट जास्त मिळतं. भात एक वाटी, घट्ट वरण दीड वाटी, चमचाभर तूप, लिंबू, बाजूला पचडी. रात्री आठला, पाटावर नाही तरी खुर्चीवर, सगळ्यांसोबत. पाळीआधीच्या चार-पाच दिवसांत भूक वाढली तर एक पोळी जास्त. शनिवारी एक वडापाव, ठरवून, बसून, मोबाइल बाजूला ठेवून.

घरचा एक सल मधेच निघाला. सासूबाई सहा आठवडे म्हणत होत्या, "अगं, माझ्या हातचं एवढं कसं गं नकोसं झालं तुला?" यांना तो टोमणा वाटायचा. खरं तर त्या घाबरल्या होत्या, सून वाळत चालली म्हणून. ज्या दिवशी यांनी "आई, आज मला वरणभात वाढा" म्हटलं, त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही, दोन वेळा वाढलं.

ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, मूत्रपिंडाचा आजार आहे, रक्त पातळ करण्याची औषधं आहेत, किंवा दिवस गेलेत, त्यांनी असा बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही करू नये. साखर एकदम उतरू शकते, फळांतलं पोटॅशियम साचू शकतं. आणि चोरून खाल्ल्यावर उलटी काढावीशी वाटत असेल, तर प्रश्न आहाराचा राहिलेला नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात जावं.

या बाईंचं वजन त्यानंतर दीड किलो वाढलं. पहिल्यांदा काट्यावर आकडा पाहून रडल्या. पुढच्या खेपेला नोंदवही आणली, तीत रात्री अकराच्या रकान्यात सलग १९ दिवस एकच शब्द होता: झोप.