वाचक विचारतात: ग्रेगॉरची पहिली रजा

मागच्या अंकात प्रागमध्ये राहून जर्मनमध्ये लिहिणाऱ्या फ्रान्झ काफ्काच्या 'मेटामॉर्फोसिस' या कथेवर दोन परिच्छेद काय लिहिले, पत्रांचा ढीग आला. ज्यांनी वाचलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात: ग्रेगॉर साम्सा, कापडाचा फिरता विक्रेता, आईवडील आणि धाकटी बहीण असं घर एकट्याच्या पगारावर चालवणारा, एका सकाळी जागा होतो तर त्याचा भलामोठा किडा झालेला असतो, आणि मग घरचे त्याच्याशी कसं वागतात त्याची ही गोष्ट. १९१२च्या नोव्हेंबर-डिसेंबरात प्रागमध्ये लिहिली, १९१५मध्ये छापून आली. पत्रांतली निवडक घेतेय, राहिलेल्यांनी रागावू नका.

ताई, तो नक्की झुरळच ना? आमच्या वाचनकट्ट्यावर यावरून अक्षरशः भांडण झालं. – एक वाचक, सांगली

नाही हो. झुरळ असं काफ्काने कुठेच म्हटलेलं नाही. त्याचा जर्मन शब्द आहे 'उंगेत्सीफर', त्यात ढेकणापासून उंदरापर्यंत घरात नको असलेलं काहीही येतं, आणि त्याचा फार जुना अर्थ सांगतात तो म्हणजे देवाला बळी द्यायला न चालणारा अशुद्ध प्राणी. आता बघा, अख्खं घर ज्याच्या बळीवर चाललंय त्यालाच हा शब्द. लेखक नाबोकोव्ह यांना किड्यांमधलं खरंच कळायचं, ते वर्गात शिकवताना ठासून सांगायचे की हे झुरळ नाही, भुंग्यासारखा कवचवाला किडा आहे, त्या कवचाखाली पंख असणार आणि ग्रेगॉरला ते शेवटपर्यंत सापडलेच नाहीत. खुद्द काफ्काने मात्र प्रकाशकाला कळवलं होतं की कव्हरवर किडा काढायचा नाही, लांबूनसुद्धा दाखवायचा नाही. म्हणून पहिल्या कव्हरवर नुसता तोंड झाकून घेतलेला एक माणूस आहे आणि मागे दार. पुढच्या भांडणाला हे घेऊन जा.

ताई, मी ३१ वर्षांचा, पुण्यात आयटीत, गाव मराठवाड्यात. सात वर्षं दर २ तारखेला घरी पैसे पाठवतोय. बहिणीचं लग्न, वडिलांचं ऑपरेशन, बोअर, सगळं त्यातूनच झालं. आधी आई फोनवर जेवलास का विचारायची, आता 'आले रे' म्हणते आणि ठेवते. हे पुस्तक वाचून दोन रात्री झोप नाही. मी घरच्यांना फक्त पैशापुरता आहे का? – एक वाचक, पुणे

ताई म्हणालास म्हणून अरेतुरेच करते. दुसऱ्या भागातली एक जागा परत काढून वाच. वडिलांचा धंदा बुडाल्यावर ग्रेगॉर पेटून कामाला लागतो, साध्या कारकुनाचा फिरता विक्रेता होतो, आणि कमिशनचे रोख पैसे घरी आणून टेबलावर ठेवतो तेव्हा सगळे बघतच राहतात, आनंदाने. ते दिवस छान होते, पुन्हा तसे आले नाहीत, असं काफ्का म्हणतो. पुढे पगार वाढला, अख्खं घर त्याच्यावर आलं, पण सवय झाली ना, घरच्यांनाही आणि ग्रेगॉरलाही. ते आभार मानून घेत होते, तो आनंदाने देत होता, फक्त ती ऊब काही राहिली नाही. यातलं 'ग्रेगॉरलाही' सोडू नकोस, लोक नेमकं तेच गाळून वाचतात.

आणि हे सगळं तो माणूस असतानाचं आहे! किडा नंतर झाला. स्वतःच्या घरात झोपताना हा खोलीची सगळी दारं आतून कुलूप लावून बंद करायचा, का, तर फिरतीवर हॉटेलात राहून लागलेली सवय. म्हणजे आधीच हा घरात भाडेकरू. सकाळी उठून बघतो तर पोटाकडे इतके बारके पाय वळवळताहेत, आणि साहेबांना पडलंय काय, तर चारचा गजर लावलेला असून साडेसहा वाजले, पाचची गाडी गेली, आता सातची तरी मिळेल का. मला पहिल्यांदा वाचताना हसू आलं होतं. नंतर एकदा तापात लॅपटॉप उघडून बसले तेव्हा नाही आलं.

आता पैशाचं. वडिलांवर ग्रेगॉरच्या मालकाचं कर्ज असतं, ते फेडायला अजून पाच-सहा वर्षं लागतील असा याचा हिशोब. आणि मग दाराआडून याला ऐकू येतं की बुडालेल्या धंद्यातलं थोडं धन वडिलांकडे शिल्लक आहे, शिवाय याच्याच पगारातलं दर महिन्याचं थोडं थोडं त्यांनी बाजूला टाकलंय. हा स्वतःजवळ दोन-चार गुल्डन ठेवून बाकी सगळं घरात देत होता हे ध्यानात घे. ते पैसे भरले असते तर नोकरीतून लवकर सुटला असता की नाही? दुसरा कोणी दार फोडून बाहेर आला असता. हा दाराआड जोरजोरात मान डोलावतो, वडिलांनी किती दूरदृष्टी दाखवली म्हणून. मला इथे दर वेळी चीड येते, आणि ती वडिलांपेक्षा ग्रेगॉरचीच जास्त. पाच वर्षांत एकदा विचारलं नाही रे बाबा, घरात किती आहेत म्हणून.

जर्मनमध्ये 'शुल्ड' म्हणजे कर्ज आणि 'शुल्ड' म्हणजेच अपराध. आपल्याकडेही ऋण हा शब्द बँकेत थांबत नाही. होम लोनचा शेवटचा हप्ता कधी ते ॲप सांगतं, आईबापाच्या ऋणाचा कोण सांगणार.

अजून एक, जे कुणी बोलत नाही. याचा पगार बंद झाल्यावर खुर्चीतून उठायचं म्हटलं तरी धापा टाकणारे वडील बँकेत शिपाई होतात, सोनेरी बटणांचा युनिफॉर्म घालून ताठ उभे राहतात. दम्याची आई दुकानासाठी शिवणकाम करते. बहीण सेल्सगर्ल होते आणि संध्याकाळी स्टेनो आणि फ्रेंच शिकते. म्हणजे जमत होतं सगळ्यांना. ग्रेगॉरने घर सांभाळलं हे खरंच, पण बसवूनही ठेवलं.

माझे आजोबा परळला गिरणीत होते, आजी कोकणात. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली मजकुरासाठी एक चिंचोळी जागा असायची. आजीने ती सगळी कुपनं बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवली होती. सुरुवातीच्या कुपनांवर मुंगीएवढ्या अक्षरात दाटीवाटीने लिहिलंय, गाय व्याली का, धाकट्याचा खोकला कसा आहे, कौलं फिरवून घे, आणि कागद संपला म्हणून शेवटचं वाक्य कडेने आडवं. डब्याच्या वरच्या थरातली बघितली तर 'रु. ४० पाठविले. खुशाल.' पुढे पुढे नुसतं 'खुशाल.' आजीची उत्तरंही तशीच झाली असणार, पैसे पोचले, इकडील सर्व ठीक. आधी कोणाचे शब्द आटले ते त्या डब्यावरून काही कळत नाही.

म्हणून 'आले रे'चं सगळं आईवर ढकलू नकोस, 'पाठवलेत गं'च्या पुढे तू शेवटचा कधी बोललास ते आठव. २ तारखेला फोनच करू नकोस, १७ला कर. काय म्हणते ते मला कळव.

ज्या भावाने एवढं केलं त्याला ग्रेटा 'हे घालवून टाका' म्हणते. एवढी निष्ठुर बहीण? पुस्तक भिंतीवर फेकावंसं वाटलं. – एक वाचिका, मिरज

फेकू नका, मागे जाऊन वाचा. ग्रेटा सतरा वर्षांची आहे. ती आधी त्याच्या आवडीचं दूध ठेवते, पाव बुडवून. तो पीत नाही. दुसऱ्या दिवशी ती जुन्या वर्तमानपत्रावर काय काय मांडून आणते, अर्धवट सडलेली भाजी, रश्श्यातली हाडं, बेदाणे, बदाम, ग्रेगॉरने दोन दिवसांपूर्वीच खाण्यालायक नाही म्हटलेलं चीज, आणि त्याला संकोच नको म्हणून बाहेर जाऊन दार लावून घेते, किल्ली फिरवल्याचा आवाज मुद्दाम ऐकवते. याला आता काय आवडत असेल हा प्रश्न त्या घरात तिच्या एकटीच्या डोक्यात आला. आणि त्याचं बघा, आपण दिसलो की हिला सहन होत नाही हे कळल्यावर एक चादर पाठीवरून ओढत सोफ्यावर नेतो आणि अंग झाकेल अशी पसरतो. या कामाला त्याला चार तास लागतात. ज्यांनी घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं केलंय त्यांना ती चादर लगेच कळेल, आपली लाज दुसऱ्याला दिसू नये म्हणून धडपडणारा पेशंट आणि ती धडपड बघितली नाही असं दाखवणारी आपण.

मग महिने जातात, ती दिवसभर दुकानात उभी राहून येते, आणि मिळेल ते खाणं पायाने आत सारते. आईवडिलांनी ते काम तिच्यावर सोडलेलं असतं ते सोडलेलंच. 'तुला बरं जमतं गं त्याचं' हे वाक्य कोणाच्या वाट्याला येतं ते मिरजेतही ठाऊक असेल.

तिने 'तो' सोडून 'ते' धरलं हे मात्र खरं. जर्मनला आपल्यासारखंच नपुंसकलिंग आहे, त्यामुळे 'तो' माणूस की 'ते' जनावर हा फरक हिंदीत होणारच नाही, मराठीत होतो. शेवटी तो मेल्याचं मोलकरीण येऊन सांगते ना, तिथेही काफ्का जनावराच्या मरण्याचं क्रियापद वापरतो. आपल्याकडे माणूस वारतो, जातो, देवाघरी जातो. हे मेलं. संताप यायचाच तर वडिलांनी फेकून मारलेल्या सफरचंदाचा येऊ द्या, जे त्याच्या पाठीत रुतलं आणि नंतर कोणीही काढलं नाही.

काफ्काच्या स्वतःच्या घरचीच गोष्ट आहे का ही? – एक विद्यार्थी, नागपूर

तशीच्या तशी नाही, पण धूर तिथूनच येतो. २९व्या वर्षी तो आईवडिलांकडेच राहत होता, आणि त्याची खोली बैठकीची खोली आणि आईवडिलांची बेडरूम यांच्या मधोमध, जाणारा-येणारा तिच्यातूनच. ग्रेगॉरच्या खोलीला इतकी दारं का ते यावरून कळेल. दिवसा अपघात विमा संस्थेत नोकरी, रात्री लेखन. त्यात घरच्यांनी ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात पैसे घातलेले, मेव्हणा बाहेरगावी गेला की याने तिकडे लक्ष घालावं अशी मागणी. १९१२च्या ऑक्टोबरात नेहमी त्याची बाजू घेणारी लाडकी बहीण ओटलासुद्धा आईवडिलांच्या बाजूने बोलली, तेव्हा त्याने मित्राला, माक्स ब्रोडला, जीव द्यावासा वाटतो असं पत्र लिहिलं, आणि ब्रोडने घाबरून ते त्याच्या आईला कळवलं. त्यानंतर महिना-दीड महिन्यात ही कथा सुरू झाली. आणि कथेत डॉक्टरवर एक टोमणा आहे, मालक आरोग्य विम्याचा डॉक्टर घेऊन येईल आणि त्या डॉक्टरच्या मते जगात आजारी कोणी नसतंच, सगळे धडधाकट कामचोर! विम्याच्या ऑफिसात बसणाऱ्यालाच सुचेल असं.

सासूबाईंना वाढदिवसाला द्यायला कसं आहे? – नाव नको, ठाणे

नको.

शेवट इतका आनंदी का? ग्रेगॉर मेल्यावर तिघं ट्रामने फिरायला जातात, ऊन पडलेलं, हे वाचून अंगावर काटा आला. – एक वाचिका, पणजी

मलाही येतो, पण मला ट्रामपेक्षा त्याच्या आधीचं अर्ध पान जास्त लागतं. मार्च संपत आलाय, पहाटे तीनचे ठोके पडून गेल्यावर तो मेला, मोलकरणीने सकाळी बघितलं. रडणं थोडंफार झालं, पैशासाठी घरात ठेवलेल्या भाडेकरूंना घालवून दिलं. आणि मग तिघं टेबलाशी बसतात आणि तीन पत्रं लिहितात, वडील बँकेला, आई जिच्यासाठी शिवते त्या दुकानाला, ग्रेटा तिच्या मालकाला. आज येता येणार नाही, माफी असावी. मध्येच मोलकरीण येऊन सांगायला लागते की त्या आतल्याची विल्हेवाट कशी लावायची त्याची काळजी करू नका, झालंय ते, तर आई आणि ग्रेटा पुढे लिहायचंय अशा पुन्हा पत्रांवर वाकतात आणि वडील हातानेच तिला थांबवतात.

पहिल्या पानांवर परत जा. ग्रेगॉर अंथरुणात पडल्या पडल्या विचार करतो की आजारी आहे म्हणून कळवावं का, पण पाच वर्षांच्या नोकरीत तो एकदाही आजारी पडलेला नाही, मग आजच कोण विश्वास ठेवणार. त्या घरातल्या कोणी घेतलेली रजा अशी पूर्ण पुस्तकात ही एकच.