घरच्या घरी फिटनेसच्या गेम खेळून खरंच वजन कमी होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वजन ८५ किलो, जिममध्ये चारचौघांत जायची लाज वाटते, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. तेव्हा रिंग फिट किंवा जस्ट डान्ससारखी, टीव्हीसमोर अंग हलवून खेळायची गेम आणून घरातच वजन उतरवता येईल का, आणि आणायची तर कोणती?

मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत नोकरी करते. दहा ते सहा खुर्ची, त्यात मार्च महिना आला की खुर्चीलाच चिकटलेली. आमच्याकडे स्विच, म्हणजे निन्टेन्डो कंपनीचं टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र (कन्सोल), आला तो भाच्याने दुबईहून आणला म्हणून. पोरांसाठी आणलेला, पण आता त्यावर जास्त हक्क माझा आहे. त्यामुळे जे सांगते ते वापरून सांगते.

घाम निघतो, दम लागतो, मांड्यांत बळ येतं, जिना चढताना फरक कळतो. हे सगळं खरं. वजनाचा काटा मात्र नुसत्या गेमनं फारसा हलत नाही, आणि का हलत नाही ते आकड्यांत बघितलेलं बरं. आमचा धंदाच आकड्यांचा, त्याशिवाय मला चैन पडत नाही.

शांत बसल्यावर शरीराला जेवढी ऊर्जा लागते तिला १ मेट म्हणतात, म्हणजे दर किलो वजनाला तासाला साधारण एक कॅलरी. निरनिराळ्या हालचालींना किती मेट लागतात याची एक मान्य यादी आहे. त्यात वी फिट या निन्टेन्डोच्या जुन्या व्यायामाच्या गेमसारख्या गेममधला योगा आणि तोल सांभाळायचे प्रकार २.३ मेटवर आहेत, एरोबिक्स आणि ताकदीचे व्यायाम ३.८ वर. पायाखाली चटई टाकून नाचायची डान्स डान्स रिव्होल्यूशन नावाची गेम ७.२ वर आहे. आणि रंकाळ्यावर आपण बऱ्या चालीनं चालतो ना, ते ३.५ च्या आसपास. म्हणजे बहुतेक गेम चालण्याच्या बरोबरीच्या किंवा थोड्या वरच्या.

आता तुमचं वजन घालू. ३.८ गुणिले ८५ गुणिले अर्धा तास, झाल्या साधारण १६० कॅलरी. त्यातल्या ४० तुम्ही सोफ्यावर बसून राहिला असता तरी खर्च झाल्याच असत्या. म्हणजे निव्वळ कमाई १२०. आठवड्यातून पाच वेळा खेळलात तर ६००. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. जेवण आहे तसंच ठेवलं तर एक किलो उतरायला तीन महिने लागतात. खोटं नाही, पण जाहिरातीत दाखवतात तसंही नाही.

आणि ते १२० परत जमा व्हायला किती वेळ लागतो? गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस समोर पिळून फेसाळ दूध देतात, तो एक ग्लास पिला की अडीचशेच्या घरात कॅलरी पोटात गेल्या. म्हशीचं दूध १०० मिलीला १०० कॅलरीच्या आसपास असतं. दोन दिवसांचा खेळ एका ग्लासात साफ. तालमीत पहाटे चारला उठून मेहनत करणाऱ्या पैलवानाला ते दूध पचतं, तुमच्या-माझ्यासारख्या खुर्चीवाल्याला नाही. म्हणून माझं वजन उतरायला लागलं ते रात्रीचा भात निम्मा केल्यावर आणि संध्याकाळच्या चहाबरोबरचं फरसाण-खारी बंद केल्यावर. रविवारचा तांबडा-पांढरा मी सोडलेला नाही, तुम्हीही सोडू नका, उगंच चिडचिड होते. वाटी-दोन वाटी रस्सा वजन वाढवत नाही. त्याच्याबरोबर किती भाकरी आणि किती भात जातो तिकडं बघा.

मग गेम कशाला? जी माणसं एरवी अजिबात हलत नाहीत त्यांना ती उठवते, म्हणून. चालायला जायचं म्हटलं की मला पन्नास कारणं सुचतात. गेमला मात्र मीच म्हणते, चला एवढी एक पातळी संपवू.

रिंग फिट ॲडव्हेंचर ऑक्टोबर २०१९ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी लॉकडाऊनमध्ये जगभर मिळेनाशी झाली होती. त्यात हातात धरायचं एक जाड, लवचिक कडं येतं, त्याला रिंग-कॉन म्हणतात. स्विचचा उजवा कंट्रोलर त्या कड्यात बसवायचा आणि डावा एका पट्ट्यात घालून डाव्या मांडीला बांधायचा. मग जागेवरच धावायचं. तुम्ही धावला की पडद्यावरचा गडी धावतो, थांबला की थांबतो. वाटेत राक्षस आडवे येतात, त्यांना मारायला बैठका मारा, कडं छातीशी दाबा, डोक्यावर नेऊन दाबा, पोटाचे प्रकार करा. असे साठ व्यायाम आहेत. सुरुवातीला वय आणि वजन विचारते, त्यावरून कठीणपणा ठरवते, आणि तो पुढे ३० पर्यंत वाढवता येतो. शेवटी उजव्या कंट्रोलरवर अंगठा ठेवला की नाडीचे ठोकेसुद्धा मोजते.

एक गोष्ट विकत घेण्याआधी माहीत असू द्या. खेळ संपला की ती व्यायामाचा वेळ दाखवते, आणि तो घड्याळातल्या वेळेपेक्षा बराच कमी असतो. राक्षस बोलत असतो, तुम्ही व्यायाम निवडत असता, पाणी पीत असता, ते ती धरत नाही. पाऊण तास उभं राहून खेळलं तरी खरी मेहनत वीस-पंचवीस मिनिटांचीच निघते. मला हा प्रामाणिकपणा आवडला. हातातलं स्मार्टवॉच मात्र सगळाच वेळ व्यायामात धरून भरमसाट आकडा देतं, त्यावर विश्वास ठेवून जेवायला बसू नका.

आमचे सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणतो, तरुणपणी तालमीत होते. खासबागेच्या मैदानात कुस्त्या बघण्यात जन्म गेलेला माणूस. पहिल्यांदा मला टीव्हीसमोर बैठका मारताना बघून ते काही बोलले नाहीत, पेपर खाली ठेवला आणि बघत बसले. गेम मला शाबासकी देत होती, पडद्यावर चांदण्या उडत होत्या. मामा म्हणाले, "ती काय बी म्हणू दे. तुझा गुडघा पंज्याच्या लई पुढं चाललाय आणि टाचा उचलत्यात. कंबर मागं सोड, खुर्चीवर बसल्यागत."

त्यांचं बरोबर होतं, आणि का बरोबर होतं ते मला नंतर उमजलं. गेमला तुमची फक्त मांडी कळते. पट्ट्यातला सेन्सर मांडी किती वाकली तेवढं सांगतो. पाठ वाकलीय का, टाच उचललीय का, गुडघा आत वळलाय का, हे तिला दिसतच नाही. कड्यावर जोर किती लागला ते कळतं, तो खांद्यातून लागला की कमरेला हिसका देऊन, ते कळत नाही. त्यामुळे पहिले काही दिवस घरातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवा, तेही नसेल तर समोर आरसा ठेवा. तुमचं वजन बघता गुडघे सांभाळणं महत्त्वाचं. गेममध्ये गुडघा, कंबर, खांदा आणि पोटासाठी सवलतीची सोय आहे, ती चालू करायला लाजू नका. मामांची जोर-बैठकांची शिस्त गेमला नाही, पण आता रोज ते "आज खेळ न्हाई व्हय?" म्हणून विचारतात, हा एक भलताच फायदा झाला.

दुसऱ्या मजल्याचं म्हणालात. जागेवर धावलं की खालच्या घरात छत दणाणतं. आमच्या खालच्या काकी एकदा वर आल्या, "गिरणी बसवलीय का गं?" म्हणून. त्यासाठी सेटिंगमध्ये सायलेंट मोड आहे, त्यात धावण्याऐवजी गुडघ्यात हलकं वाकायचं असतं, आवाज होत नाही. मांड्या उलट जास्त दुखतात. खाली जाड योगा मॅट टाका, अनवाणी फरशीवर नको, घामानं पाय घसरतो.

जस्ट डान्स २००९ पासून दरवर्षी नवी येते. मजा येते, पोरं-नणंदा सगळ्या मिळून नाचतात. पण ती फक्त हातातल्या कंट्रोलरची हालचाल मोजते. आमचा भाचा सोफ्यावर लोळून एक हात हलवतो आणि तरी तारे मिळवतो. तेव्हा ती पाय हलवायची सक्ती करत नाही, ती तुम्हीच स्वतःवर करायची. मनापासून नाचलात तर मात्र रिंग फिटपेक्षा जास्त दम लागतो, मधे थांबावं लागत नाही म्हणून. जस्ट डान्स नाऊमध्ये तर फोनच कंट्रोलर होतो, कन्सोल लागत नाही. माझं मत विचाराल तर सुरुवात इथूनच करा. महिनाभर याच्यावर टिकलात तरच कन्सोलमध्ये पैसे घाला.

जुन्या बाजारात एक्सबॉक्स ३६० हा मायक्रोसॉफ्टचा जुना कन्सोल आणि त्याला जोडायचा किनेक्ट कॅमेरा स्वस्तात दिसेल. किनेक्ट २०१० चा, कॅमेऱ्यानं अख्खं अंग बघतो, हातात काही धरायचं नसतं, त्या दृष्टीनं आजच्या गेम्सपेक्षा सरसच. पण त्याला समोर सहा फूट तरी मोकळी जागा लागते, दोघांना आठ. दिवाण आणि टीव्हीच्या मधे आपल्याकडे एवढी जागा कुठली? शिवाय किनेक्टचं उत्पादन २०१७ मध्ये थांबलं आणि एक्सबॉक्स ३६० चं ऑनलाइन दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झालं, त्यामुळे ज्या डिस्क हाती लागतील त्यांच्यावरच भागवायचं. हौस असेल तर घ्या, मी घेणार नाही.

ज्यांना रंकाळ्याला किंवा विद्यापीठात चालायला जायची सवय आहे त्यांनी ती गेमसाठी मोडू नये. मोकळी हवा, ओळखीची चार माणसं, हे टीव्ही देत नाही. पण जून ते सप्टेंबर आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. पंचगंगा पात्राबाहेर आली की रंकाळ्याचं नाव कोण काढतो? त्या चार महिन्यांत या गेमनं माझा व्यायाम मोडू दिला नाही. लाइट गेली की मात्र सगळंच ठप्प, तेव्हा मामांच्या साध्या बैठका.

काट्यावर रोज उभं राहू नका, पाणी आणि मीठ यांनीच किलोभर इकडं-तिकडं होतं. आठवड्यातून एकदा, सकाळी, आणि त्यापेक्षा टेप घेऊन कंबर मोजा. आपल्या लोकांसाठी बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांची ९० च्या पुढे गेली की धोका धरतात, आणि बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती त्याचा आकडा) २३ लाच वजन जास्त, २५ ला लठ्ठपणा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. रिंग फिटमध्ये दोन्ही येतं, ही तिची जमेची बाजू. बीपी असेल, शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं, चक्कर आली, तर राक्षस गेला खड्ड्यात, तिथंच खाली बसा.

लाजेचं म्हणाल तर तेवढ्यासाठी गेम आणणं मला अजिबात गैर वाटत नाही. चार महिने घरात अंग मोकळं झालं की जिमचा दरवाजाही एवढा मोठा वाटत नाही, आमच्या ऑफिसातली एक मुलगी अशीच आता जिमला जाते.

स्विच निन्टेन्डोनं भारतात अधिकृतपणे विकायला आणलेला नाही, दुकानात मिळतो तो बाहेरून आलेला माल. वॉरंटी दुकानदार स्वतः देतोय का ते बिलावर लिहून घ्या. जुना घेत असाल तर तिथंच चालू करून बघा. कंट्रोलरची काडी हात न लावता आपोआप सरकत असेल तर तो नको. कडं दाबून सोडलं की लगेच मूळ आकारात आलं पाहिजे. आणि मांडीच्या पट्ट्याचं वेल्क्रो घट्ट धरतंय का बघा, तो खाली घसरला की तुम्ही कितीही वाका, बैठक मोजली जात नाही.