थीम पार्कचे व्हिडिओ करणाऱ्या, हजारो फॉलोअर्स असलेल्या शौकिनांनी पार्कचे नियम इतरांपेक्षा जास्त काटेकोरपणे पाळावेत, ही अपेक्षा रास्त आहे का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुम्ही स्वतः रोलर कोस्टरचे व्हिडिओ करता, चॅनेल हळूहळू वाढतंय, आणि राईडवर मोबाईल काढला म्हणून एका मोठ्या चॅनेलवाल्याला पार्कने बाहेर काढल्यापासून तुमच्या ग्रुपमध्ये भांडण पेटलंय. अर्धे म्हणतात, त्याने तिकीट काढलं होतं, कुणाला ओरखडाही आला नाही, उलट पार्कची फुकटात जाहिरात झाली. उरलेले म्हणतात, चूक ती चूक.

मी उरलेल्यांतला. पण इथवर यायला मला काही वर्षं लागली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवातीच्या काळात मीही बाहीत छोटा कॅमेरा लपवून एक राईड शूट केली होती. लॅप बार, म्हणजे मांडीवर येणारा सुरक्षेचा दांडा, ओढून बघून ऑपरेटर मागच्या सीटकडे वळली की कॅमेरा बाहेर, शेवटच्या ब्रेकच्या आधी परत आत. व्हिडिओ चांगला चालला. तीन-चार दिवसांनी एका मुलाने त्याखाली लिहिलं, "दादा, कॅमेरा आत कसा नेला? मी सातवीत आहे, पुढच्या आठवड्यात पहिल्यांदाच जाणारे." पहिला उतार किती उंच, पोटात गोळा नेमका कुठे येतो, भीती वाटते का, यातलं त्याला काहीही विचारायचं नव्हतं. चार मिनिटांच्या व्हिडिओतून त्याने एवढी एकच गोष्ट उचलली होती. मी व्हिडिओ काढून टाकला, त्याला उत्तरही लिहिलं. त्याने ते वाचलं की नाही, मला आजतागायत माहीत नाही.

आता "कुणाला काही झालं नाही ना" याकडे येतो, कारण सगळं भांडण या वाक्यावर उभं आहे.

दोनशे ग्रॅमचा मोबाईल ताशी १०० किलोमीटर वेगाने हातातून सुटला, तर त्यात साधारण तेवढीच ऊर्जा असते जेवढी ताशी ११० किलोमीटर वेगाने आलेल्या क्रिकेटच्या लेदर चेंडूत असते. फलंदाजाला निदान चेंडू येणार हे माहीत असतं आणि डोक्यावर हेल्मेट असतं. खाली रांगेत उभ्या असलेल्या माणसाला यातलं काहीच नसतं. स्पेनमधल्या पोर्टअ‍ॅव्हेंचुरा पार्कात शंभाला नावाचा कोस्टर आहे, ७६ मीटर उंच, वेग ताशी १३४ किलोमीटर. २०१९ मध्ये तिथे पुढे बसलेल्या कुणाचा तरी मोबाईल उडाला आणि मागच्या एका प्रवाशाने तो चालत्या राईडवर हवेत झेलला. तो व्हिडिओ जगभर फिरला, लोकांनी झेलाचं तोंडभरून कौतुक केलं. तो झेल सुटला असता तर मोबाईल कुठे गेला असता, हे त्या कौतुकात फार थोड्यांनी विचारलं.

सेल्फी स्टिकची गोष्ट याहून सरळ आहे. कोस्टर आखताना प्रवाशाने हात पूर्ण ताणला तरी खांबाला, कठड्याला किंवा शेजारच्या रुळाला लागणार नाही, एवढी मोकळी जागा गाडीभोवती हिशोबाने सोडलेली असते. तो हिशोब माणसाच्या हाताचा असतो. त्यात मीटरभर काठीची भर पडली की तो तिथेच संपला. २०१५ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेच्या पार्कात कॅलिफोर्निया स्क्रीमिन या कोस्टरवर एकाने चालू राईडवर सेल्फी स्टिक काढली, राईड थांबवावी लागली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस डिस्नेने अमेरिकेतल्या आपल्या पार्कांमध्ये सेल्फी स्टिकवर सरसकट बंदी घातली. ज्यांनी ती कधी राईडवर काढली नव्हती, फक्त पार्कातल्या किल्ल्यासमोर घरच्यांचा फोटो काढायला आणली होती, त्यांचीही गेली.

कुंपणाचंही तसंच. ज्या कोस्टरमध्ये गाडी रुळाखाली टांगलेली असते आणि पाय मोकळे लोंबतात, त्याच्याखालची जागा बाहेरून रिकामी हिरवळ दिसते. १९९८ मध्ये सांता क्लारातल्या ग्रेट अमेरिका पार्कात एक माणूस टोपी आणायला अशा कोस्टरच्या बंद आवारात शिरला. वरून आलेल्या गाडीतल्या प्रवाशाचा पाय त्याला लागला. तो माणूस जिवानिशी गेला, आणि नियमाप्रमाणे गुपचूप बसलेल्या त्या प्रवाशाचा पाय मोडला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये ओहायोतल्या सीडर पॉइंटला रॅप्टर या कोस्टरखाली राईडवर हरवलेली वस्तू शोधायला गेलेला माणूस असाच गेला. बांधकामाधीन राईडचा "एक्स्क्लुझिव्ह" फोटो घ्यायला कुंपणावरून उतरणारे आपल्यातले लोक आठवले की मला सांता क्लारातल्या त्या प्रवाशाचा मोडलेला पाय आठवतो. त्याने कुणाचं काय बिघडवलं होतं?

ही उदाहरणं तुमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना माहीत असतील. पण ज्या गोष्टीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, ती वेगळी आहे.

कोस्टरचा रूळ टप्प्यांत वाटलेला असतो, त्यांना ब्लॉक म्हणतात. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याशिवाय मागची गाडी कॉम्प्युटर सोडतच नाही. ही व्यवस्था इतकी भक्कम आहे की एका रुळावर चार गाड्या दिवसभर पळतात आणि आपण निर्धास्त बसतो. पण कुणी मोबाईल काढला, ऑपरेटरने कॅमेऱ्यात पाहिलं आणि चढणीवर गाडी थांबवली, की तिथून पुढचं काम माणसांच्या हातात येतं. कोणती गाडी कुठे आहे, पायऱ्यांवर आपला कुणी उभा आहे का, पुन्हा सुरू करायचं की नाही, हे सगळं माणसं ठरवतात, आणि तेही खाली हजार लोक वैतागून उभे असताना.

त्या वेळी काय होऊ शकतं ते इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्सने २ जून २०१५ ला दाखवलं. स्माइलर या कोस्टरवर एक रिकामी गाडी मध्येच अडकली होती. कॉम्प्युटरने मागची भरलेली गाडी बरोबर थांबवून धरली होती. इंजिनिअरांना वाटलं, यंत्रणा उगाच अडवतेय, रूळ तर मोकळा आहे. त्यांनी तो थांबा हाताने ओलांडला. सोळा प्रवाशांची गाडी जाऊन रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला, आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने कंपनीला पन्नास लाख पौंडांचा दंड केला. यात प्रवाशांचा तिळमात्र दोष नव्हता, हे स्पष्ट लिहितो. चूक पूर्णपणे चालवणाऱ्यांची होती. पण मी यातून एवढं घेतलं की राईडचा सगळ्यात नाजूक वेळ पहिल्या उताराचा नसतो, थांबलेली राईड पुन्हा सुरू करण्याचा असतो. मग एका व्हिडिओसाठी तशी वेळ मुद्दाम आणायची, आणि वर म्हणायचं की कुणाला काही झालं नाही?

अशीच एक वेळ मी जवळून पाहिली. मी स्टेशनवर पुढच्या गाडीसाठी उभा होतो. गाडी चढणीच्या निम्म्यावर गेली आणि थांबली. पहिल्या सीटवर एक नावाजलेला चॅनेलवाला होता, त्याने मोबाईल काढला होता. राईड चालवायच्या पॅनेलवरची मुलगी फार तर वीस वर्षांची असेल. तिने माईकवरून दोनदा शांतपणे सांगितलं, मोबाईल आत ठेवा. तिचे दोन सहकारी चढणीशेजारच्या पायऱ्या चढायला लागले. तोवर तिचा एक हात पॅनेलवरच होता, आणि दुसऱ्या हाताने ती माईकची वायर बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. माझ्या मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, तो केवढा मोठा यूट्यूबर आहे, जाऊ द्या ना!" ती मान न वळवता म्हणाली, "माहितीये. मी पण बघते त्याला."

म्हणून मला ही अपेक्षा नुसती रास्त नाही, अगदी साधी वाटते. सामान्य माणूस मोबाईल काढतो तेव्हा बहुधा त्याला कारण माहीत नसतं. आपल्याला माहीत असतं. ब्लॉक म्हणजे काय, लॅप बार किती ठिकाणी अडकतो, कुठल्या वळणावर अंगावर किती जोर येतो, हे आपण तासन्‌तास लोकांना समजावतो. एवढं कळणाऱ्याने नियम मोडला तर बघणाऱ्याला वाटतं, नियमातच दम नसणार. मग दुसऱ्या दिवशी त्याच पॅनेलवर त्याच मुलीला "पण त्याला चालतं, मला का नाही?" हे पन्नास वेळा ऐकावं लागतं.

"आम्ही जाहिरात करतो" हेही खरं मानू. मग जाहिरात करणाऱ्याने आधी परवानगी घ्यावी. नव्या राईडच्या उद्घाटनाला पत्रकारांना आणि चॅनेलवाल्यांना बोलावून पार्क स्वतः कॅमेरे लावू देतात, पण ते सीटला किंवा गाडीला घट्ट बसवलेले आणि आधी तपासलेले असतात. हातातला मोबाईल आणि तो कॅमेरा यांची तुलनाच होत नाही.

सगळे नियम सुरक्षेचे असतात असं मात्र मी म्हणणार नाही. व्यावसायिक चित्रीकरणाला मनाई, ट्रायपॉडला मनाई, यात पार्कचा धंद्याचा हिशोबही असतो. असे नियम मला पटत नाहीत तेव्हा मी तसं उघड बोलतो, पार्कला लिहितो. एकदा त्यातून बदलही झाला. लॉकरची पाटी अशा जागी होती की रांगेत अर्धा तास काढल्यावर ती दिसायची. मी फोटोसकट कळवलं, आणि पुढच्या खेपेला पाटी रांगेच्या तोंडाशी आली होती. पार्कही धुतल्या तांदळासारखे नाहीत. मोठ्या चॅनेलवाल्याकडे काणाडोळा करायचा आणि पोरांना मात्र हटकायचं, हे मी अनेकदा पाहिलंय, आणि ते मोबाईल काढण्याइतकंच वाईट आहे.

रांगेत घुसणं, अपंगांसाठीची सवलत गरज नसताना वापरणं, अंधाऱ्या राईडमध्ये लाईट लावून शूट करणं, रांगेतल्या लोकांची लहान मुलं न विचारता लाईव्ह दाखवणं, यांवर वाद घालण्यासारखं मला काही दिसत नाही. हे करू नये.

आपल्या छंदाची एक चांगली परंपराही आहे. अमेरिकन कोस्टर एन्थुझिअ‍ॅस्ट्स ही शौकिनांची संस्था १९७८ पासून आहे, आणि पार्क अशा क्लबांसाठी सकाळी लवकर किंवा बंद झाल्यावर फक्त सदस्यांना राईड चालवून देतात. त्या वेळी मोजके कर्मचारी असतात, गर्दी नसते, आणि सगळा कारभार विश्वासावर चालतो. तो विश्वास जुन्या लोकांनी वर्षानुवर्षं नीट वागून मिळवलाय. एका व्हिडिओपायी तो गेला तर नुकसान त्या चॅनेलवाल्याचं एकट्याचं होत नाही.

राईडवर कॅमेरा नेता येत नसेल तर व्हिडिओत दाखवायचं काय, असा प्रश्न तुम्हाला पडणारच, मलाही पडला होता. पार्कच्या प्रसिद्धी विभागाला ईमेल करा. चॅनेलचा दुवा द्या, कुठली राईड, कुठला कॅमेरा, तो कसा बसवणार ते लिहा, आणि गर्दी नसलेल्या दिवशी सकाळची वेळ मागा. मला पहिल्या चार ठिकाणांहून नकार आला, पाचव्याने हो म्हटलं, आणि माझा कॅमेरा त्यांच्याच मेकॅनिकने दोन वेळा ओढून बघून बसवला. तोवर कुंपणाच्या बाहेरून शूट करा. चढणीवर साखळीची टकटक चालू असते, माथ्यावर गाडी साखळीवरून सुटली की क्षणभर सगळं शांत होतं, आणि मग वरून पहिली किंकाळी येते. तेवढा आवाज नीट टिपायला मला एक अख्खी दुपार लागली होती, आणि माझ्या चॅनेलवर लोक अजूनही सगळ्यात जास्त तोच व्हिडिओ बघतात.