महाळुंगाला रस का नाही?

प्रश्न : माई, पंचवटीत आमच्या परसात महाळुंगाचं झाड आहे. फळं नारळाएवढी होतात, पण कापलं की रस चमचाभर. झाड वाया गेलं का? आणि शेजारणीला याचं रोप हवंय, ते कसं करू?

उत्तर : अहो, वाया कसलं! महाळुंग लिंबाच्या कुळातलं खरं, पण ते रसासाठी नसतंच. त्याचा जीव त्या पांढऱ्या, जाड गरात. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात हेच फळ आहे, आणि तुम्ही त्याला लिंबाच्या मापानं मोजताय!

मुरंबा करा. वरची पिवळी साल अगदी पातळ खरवडून काढा, कडवटपणा बराचसा तिच्यात. गराच्या बोटाएवढ्या फोडी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, सकाळी दोनदा पाणी बदलून उकळा. फोड काचेसारखी दिसायला लागली की फोडींच्या वजनाइतक्या साखरेच्या पाकात सोडा. पहिल्या वर्षी मी घाईनं एकदाच उकळलं होतं. घरात कुणी तोंड लावलं नाही, बरणी पावसाळाभर माझ्याकडे बघत बसली. खरवडलेली साल फेकू नका, चिमूटभर लोणच्यात घाला.

झाडाला थंडी सोसत नाही. निफाडकडे पारा उतरला की आपल्याकडेही रात्री कडक जातात, तेव्हा लहान रोपावर गोणपाट टाका. कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर नीट बघा, ती फुलपाखराची अळी असते, पानं फस्त करते. हातानं वेचली तरी पुरे.

शेजारणीला रोप हवंय म्हणालात, तर बी कशाला? जून फांदीचा वीतभर तुकडा लावून द्या.