साज, चिंचपेटी आणि सेंट

सेंटने दागिने खराब होतात का, असे तुम्ही विचारले आहे. तुम्ही कोल्हापूरच्या गुजरीतून, म्हणजे सराफ बाजारातून, सोन्याच्या साजासोबत (कोल्हापुरी पारंपरिक हारासोबत) मोत्यांची चिंचपेटीही, म्हणजे गळ्यालगतचा दागिनाही घेतला आहे, म्हणून आधी चिंचपेटीविषयी सांगते, कारण सर्वाधिक धोका तिला आहे. मोत्याचा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा आणि थोड्या प्रथिनांचा असतो. त्यावर सेंटमधील अल्कोहोल व सुगंधी द्रव्ये वारंवार बसली, की झळाळी मंदावते आणि ती पॉलिश करून पूर्ववत होत नाही. २२ कॅरट सोन्याला सेंटने सहसा इजा होत नाही. मात्र पारंपरिक साजाच्या पोकळ मण्यांत लाख भरलेली असते आणि ती अल्कोहोलमध्ये विरघळू शकते, त्यामुळे दागिने घातल्यावर गळ्यावर फवारा कधीही मारू नये. मुलामा दिलेल्या दागिन्यांना तर याहून अधिक जपावे.

अंबाबाईच्या दर्शनाला किंवा लग्नाला निघताना आधी सेंट लावावे, ते पूर्ण वाळू द्यावे आणि दागिने सर्वांत शेवटी घालावेत. हुपरीचे चांदीचे पैंजण काळे पडतात ते प्रामुख्याने हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे. त्याचा दोष सेंटला देऊ नये. घरी आल्यावर मोती किंचित ओलसर मऊ सुती कापडाने पुसावेत आणि दोरा पूर्ण वाळल्यावरच चिंचपेटी वेगळ्या कापडी पिशवीत ठेवावी.